एका आईनं मागितलेली यादी

अमेरिकेच्या न्याय खात्याची एक वेबसाइट आहे. तिच्यावर कुणीही एखाद्या घराचा पत्ता टाकावा, आणि त्या घराच्या आसपास राहणाऱ्या, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांची यादी नकाशासकट समोर येते. त्यात नाव, फोटो, वय, राहता पत्ता आणि गुन्ह्याचं कलम असतं. काही राज्यांच्या नोंदींत उंची, वजन, अंगावरचं गोंदण आणि गाडीचं वर्णनही सापडतं. पैसे पडत नाहीत, आणि माहिती कशासाठी हवी हेही कुणी विचारत नाही. न्यू जर्सीत घर बघणारं मराठी कुटुंब शाळा कशी आहे, स्टेशन किती लांब आहे हे तपासता तपासता हा नकाशाही उघडू शकतं. तुरुंगातून शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाचा पत्ता सरकार स्वतःहून साऱ्या जगाला सांगतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

त्याहून थक्क करणारी गोष्ट दोन अर्थतज्ज्ञांनी मोजून दाखवली. ली लिंडेन आणि जोना रॉकॉफ यांनी उत्तर कॅरोलिनातल्या मेक्लेनबर्ग काउंटीतले घरविक्रीचे व्यवहार तपासले आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यादीतला माणूस राहायला आला की त्याच्यापासून मैलाच्या दहाव्या हिश्शात, म्हणजे साधारण १६० मीटरच्या आत, घरांच्या किमती सुमारे चार टक्क्यांनी उतरतात. त्यापलीकडच्या घरांवर परिणाम जवळजवळ दिसत नाही. आईबापांच्या मनातली भीती मीटरमध्ये आणि डॉलरमध्ये मोजता येते, याची मी तरी कधी कल्पना केली नव्हती.

ही यादी आली कुठून? तिची आजची केंद्रीय रचना एका आईच्या मागणीतून सुरू झाली, आणि त्या आईची गोष्ट या कायद्याच्या कुठल्याही कलमापेक्षा जास्त शिकवते.

२२ ऑक्टोबर १९८९, रविवारची रात्र. मिनेसोटा राज्यातलं सेंट जोसेफ हे छोटंसं गाव. अकरा वर्षांचा जेकब वेटरलिंग, त्याचा धाकटा भाऊ आणि एक मित्र गावातल्या दुकानातून व्हिडिओ कॅसेट भाड्यानं घेऊन घरी निघाले होते. अंधाऱ्या रस्त्यावर एक बुरखाधारी माणूस बंदूक घेऊन पुढे आला. त्यानं मुलांना वयं विचारली. दोघांना मागे न बघता पळायला सांगितलं, आणि जेकबला घेऊन गेला. ती दोन मुलं पळत घरी पोचली. जेकब परत आला नाही.

त्याची आई, पॅटी वेटरलिंग, तपास करणाऱ्यांना विचारत राहिली: तुमच्या हाताशी काय असतं तर मदत झाली असती? या भागात मुलांवर अत्याचार करून शिक्षा भोगलेले कोण कोण राहतात, याची एकत्रित नोंद पोलिसांकडे नव्हती. पहिल्याच रात्री कुणाची दारं ठोठावायची हे ठरवायला काही आधारच नव्हता. तिनं ती नोंद मागितली. १९९१ मध्ये मिनेसोटात कायदा झाला, आणि १९९४ मध्ये जेकबच्या नावानं केंद्रीय कायदा आला. मुलांविरुद्धचे ठराविक गुन्हे किंवा हिंसक लैंगिक गुन्हा करणाऱ्यानं सुटल्यावर दहा वर्षं आपला पत्ता पोलिसांना कळवत राहायचा आणि राज्यांनी ती नोंद ठेवायची. जे राज्य ठेवणार नाही त्याच्या केंद्रीय अनुदानाला कात्री. आईनं मागितलेली यादी मुख्यतः पोलिसांच्या कामासाठी होती, हे ध्यानात ठेवावं.

पण तिच्याआधीही अशा याद्या होत्या. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये शिक्षा झालेल्या गुंडांनी पोलिसांकडे नाव नोंदवावं असा नियम निघाला होता, टोळ्यांनी शहरातून काढता पाय घ्यावा म्हणून. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियानं लैंगिक गुन्हेगारांसाठी राज्यभर नोंदणी सक्तीची केली, आणि असं करणारं ते पहिलं राज्य ठरलं. त्या नोंदीत कोण कोण गेलं? बेयार्ड रस्टिन गेला. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करायला १९४८ मध्ये भारतात आलेला आणि पुढे १९६३ चा वॉशिंग्टनचा विराट मोर्चा उभा करणारा हा कृष्णवर्णीय नेता. त्याला १९५३ मध्ये पॅसाडेनात अटक झाली होती ती प्रौढ पुरुषांशी असलेल्या संबंधावरून. साठ दिवसांचा तुरुंगवास आणि वर लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्याला माफी दिली ती २०२० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे तेहतीस वर्षांनी. लेकरांच्या रक्षणाचं नाव घेतलं की यादीत कुणालाही घालणं सोपं होतं, आणि बाहेर काढायला पिढ्या जातात.

आता पोलिसांची यादी सगळ्या जगाची कशी झाली ते. जेकबचा कायदा होत होता त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९९४ ला, न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन टाउनशिपमध्ये मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीला समोरच्या घरातल्या माणसानं कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून बोलावलं आणि तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. त्याला याआधी दोनदा मुलींवरच्या अत्याचारासाठी शिक्षा झाली होती. मेगनच्या आईबापांचं म्हणणं कुणाच्याही काळजाला हात घालणारं होतं: आम्हाला माहीत असतं तर आमची मुलगी त्या दाराशी गेली नसती. तीन महिन्यांत राज्याचा कायदा झाला आणि मे १९९६ मध्ये केंद्राचा. माहिती लोकांना द्यायलाच हवी, असं ठरलं. त्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट घराघरांत शिरलं आणि याद्या एकामागून एक वेबसाइटवर चढल्या.

यानंतरच्या, २००६ च्या केंद्रीय कायद्याला ॲडम वॉल्श या मुलाचं नाव आहे. १९८१ मध्ये फ्लोरिडातल्या एका मॉलमधून हा सहा वर्षांचा मुलगा पळवला गेला होता, आणि त्याच घटनेला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी कायद्यावर सही केली. या कायद्यानं नोंदणीचे तीन स्तर केले: पंधरा वर्षं, पंचवीस वर्षं आणि जन्मभर. सर्वांत वरच्या स्तरातल्या माणसानं दर तीन महिन्यांनी स्वतः हजर राहायचं. घर, नोकरी, शिक्षणाची जागा, नाव यांतलं काहीही बदललं तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवायचं. चुकलं तर केंद्रीय कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चौदा किंवा त्याहून जास्त वर्षांच्या मुलांनाही काही गंभीर गुन्ह्यांसाठी यात ओढलं आहे. अर्ध्याहून कमी राज्यांनी हा कायदा पुरेसा अमलात आणला आहे, बाकीची राज्यं त्यासाठी अनुदानातली कपात सोसतात.

एवढ्या सगळ्या इमारतीचा पाया काय? ‘हे लोक पुन्हा गुन्हा करतातच’ ही समजूत. मला सर्वांत जास्त चकित केलं ते या समजुतीच्या प्रवासानं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी २००२ मध्ये लिहिलं की उपचार न घेतलेल्या लैंगिक गुन्हेगारांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असू शकतं. पुढच्या वर्षी अलास्काच्या नोंदणी कायद्याचा खटला आला. प्रश्न असा होता की कायदा होण्याआधी ज्यांना शिक्षा झाली त्यांनाही यादीत घालता येईल का? नोंदणी ही शिक्षा असेल तर नाही घालता येणार, कारण मागाहून वाढवलेली शिक्षा घटनेला मान्य नाही. न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की नोंदणी ही शिक्षा नव्हेच, ती नागरी व्यवस्था आहे, आणि पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका भयावह आहे. हा निकाल पुढे देशभरच्या न्यायालयांत आधार म्हणून सांगितला गेला.

आयरा एलमन या कायद्याच्या प्राध्यापकांनी आणि टॅरा एलमन यांनी २०१५ मध्ये हा ८० टक्क्यांचा आकडा उलट्या पावलांनी शोधत नेला. न्यायालयानं तो १९८८ च्या एका सरकारी मार्गदर्शक पुस्तिकेतून घेतला होता. पुस्तिकेनं तो १९८६ च्या एका लोकप्रिय मानसशास्त्रविषयक मासिकातल्या लेखातून घेतला होता. आणि लेखात तो होता ओरेगनच्या तुरुंगात उपचार-कार्यक्रम चालवणाऱ्या एका समुपदेशकाचं साधं विधान म्हणून. त्याच्यामागे ना सर्वेक्षण, ना तक्ता. मासिकाच्या पानावरचं एक वाक्य सतरा वर्षांत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा टेकू झालं, आणि वाटेत कुणीही त्याला आधार विचारला नाही.

प्रत्यक्ष मोजणी वेगळंच सांगते. अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच सांख्यिकी विभागानं १९९४ मध्ये पंधरा राज्यांतल्या तुरुंगांतून सुटलेल्या ९,६९१ पुरुष लैंगिक गुन्हेगारांचा मागोवा घेतला. तीन वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली ती ५.३ टक्क्यांना. अर्थात अटक म्हणजे सगळे गुन्हे नव्हेत. मुलांवरचे कितीतरी अत्याचार कुणापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण याहून जास्त आहे असं धरायलाच हवं. पण पाच आणि ऐंशी यांच्यातलं अंतर एवढ्यानं भरून निघत नाही.

शिवाय प्रश्न नुसता पुन्हा करणाऱ्यांचा नाहीच. न्यूयॉर्क राज्यातल्या एकवीस वर्षांच्या अटकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक गुन्ह्यांत झालेल्या अटकांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक अटका अशा माणसांच्या होत्या ज्यांना तशा गुन्ह्यात आधी शिक्षा झालेलीच नव्हती. म्हणजे नोंदणी कितीही काटेकोर ठेवली तरी ही माणसं तिच्यात सापडलीच नसती. आणि पोलिसांकडे आलेल्या प्रकरणांत बळी पडलेल्या दहांतली नऊ मुलं अत्याचार करणाऱ्याला ओळखत होती. भारतातली राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारीही वर्षानुवर्षं हेच सांगते. काका, शेजारी, शिकवणीचे सर, आईचा मित्र, मोठा भाऊ. नकाशावर ठिपका नसलेली ही माणसं.

आणि ठिपका असलेल्यांचं काय होतं? मायामीत २००५ मध्ये नियम झाला की मुलांविरुद्ध गुन्हा केलेल्यानं शाळेपासून २,५०० फुटांच्या आत राहायचं नाही. नकाशावर वर्तुळं काढली आणि शहरात राहायला जागाच उरली नाही. मग ही माणसं बिस्केन उपसागरावरच्या ज्युलिया टटल पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली, आणि देखरेख करणारे अधिकारी रात्री तिथे येऊन हजेरी घेत. काही वर्षं हे चाललं, २०१० मध्ये वस्ती उठवली. ज्या माणसाचा ठावठिकाणा पोलिसांना ठाऊक असावा म्हणून कायदा केला, त्याला कायद्यानंच बेघर केलं. यानं एक तरी मूल सुरक्षित झालं असेल असं मला वाटत नाही.

जे. जे. प्रेस्कॉट आणि वर उल्लेख आलेले रॉकॉफ यांनी २०११ मध्ये पंधरा राज्यांची आकडेवारी तपासून नेमका फरक दाखवला. पोलिसांकडे नोंदणी असली की गुन्हे कमी होतात, विशेषतः ओळखीच्या व्यक्तींवर होणारे. पोलिसांना ठाऊक आहे ही जाणीवच धाक घालते. पण तीच यादी सर्वांसाठी खुली केली की यादीतल्या माणसांकडून होणारे गुन्हे कमी न होता वाढल्याची चिन्हं दिसतात. नोकरी नाही, घर नाही, कुणी बोलत नाही. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही त्याला तुरुंगाचा धाक कसला? एकच माहिती पोलिसांच्या हातात एक परिणाम करते आणि जगाच्या हातात उलटा. मला या साऱ्या विषयात यापेक्षा महत्त्वाचं काही सापडलेलं नाही.

ब्रिटननं दुसरी वाट धरली. जुलै २००० मध्ये वेस्ट ससेक्समध्ये सारा पेन या आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला. एका वृत्तपत्रानं गुन्हेगारांची नावं-फोटो छापायला सुरुवात केली आणि जमाव घरांवर चालून गेले. वेल्समध्ये तर एका बालरोगतज्ज्ञ महिलेच्या दारावर कुणीतरी शिवी रंगवली. तिच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव मुलांवर अत्याचार करणाऱ्यासाठीच्या शब्दासारखं ऐकू येतं, एवढाच तिचा दोष. नंतर आलेल्या योजनेत इंटरनेटवर काही नाही. आईला शंका आली, की अमुक माणूस माझ्या मुलांच्या सहवासात येतो, तर ती पोलिसांना विचारते. पोलीस तपासतात. धोका असेल तर ज्याच्यावर मुलाची जबाबदारी आहे त्याला सांगतात, आणि ते गुप्त ठेवायला बजावतात. २०११ पर्यंत ही सोय इंग्लंड आणि वेल्समध्ये सर्वत्र पोचली. जन्मभराच्या नोंदणीलाही तिथे पंधरा वर्षांनंतर फेरविचाराची सोय आहे, कारण फेरविचाराविना जन्मभर नोंद मानवी हक्कांत बसत नाही असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं.

भारताची यादी २० सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग ती ठेवतो. सुरुवातीलाच तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या: बलात्कार, सामूहिक बलात्कार, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालचे गुन्हे, छेडछाड. ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. ती जाहीर करा, फोटो चौकात लावा, अशी मागणी प्रत्येक भयंकर घटनेनंतर होते. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतरचा संताप महाराष्ट्रानं पाहिला आहे, तो संताप खरा होता आणि योग्यच होता. तरीही मी म्हणेन, ती जाहीर करू नका. पॉक्सो कायद्याचं कलम २३ पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. ज्या गावात बापानंच मुलीवर अत्याचार केला, तिथे बापाचा फोटो चौकात लावणं म्हणजे मुलीचंच नाव लावणं. असा फोटो लागणार हे माहीत असलेली आई तक्रार द्यायला पोलीस ठाण्याची पायरी चढेल का?

आणखी एक आठवण आपल्या मातीची आहे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसांच्या अख्ख्या जमाती नोंदवहीत घातल्या. पारधी, कैकाडी, मांग गारुडी यांच्या पिढ्या पोलीस पाटलाकडे हजेरी देत जगल्या, सोलापूरच्या सेटलमेंटच्या काटेरी तारांआड राहिल्या. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण चोरी झाली की पोलीस आजही आधी पालावरच येतात. ती नोंद जन्माची होती आणि आजची नोंद सिद्ध झालेल्या गुन्ह्याची आहे, हा फरक मोठा आहे, तो पुसू नये. पण सरकारी वहीत एकदा चढलेल्या नावाचं समाज काय करतो, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

जेकबचं पुढे काय झालं? सप्टेंबर २०१६ मध्ये, जवळपास सत्तावीस वर्षांनी, त्याला पळवणाऱ्यानं न्यायालयात कबुली दिली आणि जेकबचे अवशेष सापडले. त्याच माणसानं जेकबच्या नऊ महिने आधी, जानेवारी १९८९ मध्ये, जवळच्याच कोल्ड स्प्रिंग गावात एका बारा वर्षांच्या मुलाला गाडीत ओढून त्याच्यावर अत्याचार केला होता. त्या मुलानं घरी सांगितलं, पोलिसांना सांगितलं, वर्णन दिलं. संशयित म्हणून या माणसाची चौकशीही झाली होती आणि त्याला सोडून दिलं होतं. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा अशी त्याला तोवर झालेलीच नव्हती. जेकबच्या नावाचा कायदा १९८९ मध्ये असता, तरी त्या यादीत या माणसाचं नाव नसतं.

पॅटी वेटरलिंगनं हे सगळं पचवून जे धैर्य दाखवलं त्यापुढे मी नतमस्तक आहे. स्वतःच्या मुलाच्या नावाचा कायदा फार ताणला गेला, अल्पवयीन मुलंच त्यात अडकली, सुटलेल्या माणसाला नीट जगायची वाट हवी, असं ती गेली कित्येक वर्षं जाहीरपणे सांगते आहे. अमेरिकेत मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत पोलिसांसमोर येणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण स्वतःच अठराच्या आतले असतात, हे तिच्या म्हणण्यामागचं वास्तव आहे.

मग आपण काय करायचं? यादी जिथे खरोखर उपयोगाची आहे तिथे ती वापरली जाते का, हे बघायचं. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशा, मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या कुठल्याही संस्थेनं आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठराविक काळानं करून घ्यायलाच हवी. शिक्षक असो की सफाई कामगार, कायम असो की कंत्राटी. पुढच्या पालकसभेत तुमच्या मुलाच्या शाळेला हे विचारा: बसचालकाची, मदतनिसाची, खेळाच्या सरांची पडताळणी शेवटची कधी झाली? कागद दाखवा म्हणावं. आणि कुठलंही मूल काही सांगू लागलं तर त्याचं ऐकून घ्या, घरातलं मोठं माणूस दुखावेल म्हणून गप्प करू नका. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे १०९८.